शिट्टी गळ्यात अडकवण्याआधी

तुकोबांची पालखी लोणी काळभोर सोडून यवतला यायची असते, त्या दिवशी काळभैरवनाथाच्या देवळापाशी पिठल्याची भांडी चढलेली असतात आणि सोलापूर रस्त्यावर चमकत्या पट्ट्यांची जाकिटं घातलेली पोरं शिट्ट्या फुंकत उभी असतात. त्यातली काही पोलीस मित्र, काही होमगार्ड, काही कॉलेजच्या एनएसएसची. उरलेल्यांना विचारलं तर उत्तर येतं, "असंच. साहेब म्हटले उभा राहा, राहिलो." हा लेख मुख्यतः या उरलेल्यांसाठी आहे, आणि त्यांना घरून सोडणाऱ्या आईवडिलांसाठी.

यवत, केडगाव, पाटस, वरवंड आणि तिकडे शिरूर पट्ट्यातूनही तेच तेच प्रश्न कानावर येतात. पोलीस मित्राचं कार्ड कुठे मिळतं? भरतीत त्याचे मार्क धरतात का? गस्तीत संशयित सापडला तर बांधून ठेवता येतो का? अंगावर बेतलं तर जबाबदार कोण? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. तुमची नोंद कुठे आणि कोणत्या नावाने झाली आहे, त्यावर ते अवलंबून आहे. नोंदच नसेल तर जबाबदार तुम्ही.

आधी कोणत्या दलात आहात ते समजून घ्या

गावात सगळ्यांनाच सरसकट "दलातली पोरं" म्हणतात. कायद्याच्या लेखी मात्र ही वेगवेगळी माणसं आहेत.

- पोलीस मित्र. पोलिसांना माहिती देणं, बंदोबस्तात आणि गर्दीत मदत करणं, एवढंच काम. प्रवीण दीक्षित राज्याचे पोलीस महासंचालक असताना, २०१५-१६ मध्ये, ही कल्पना राज्यभर रुजली. मानधन नाही, पोलिसांचे अधिकारही नाहीत.
- ग्रामसुरक्षा दल. रात्रीच्या गस्तीचं दल ते हेच. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ६३ब मध्ये अशा दलांची तरतूद आहे आणि ती उभी करण्याचा अधिकार जिल्हा पोलीस अधीक्षकांचा आहे. गणेश मंडळाच्या बैठकीत ठरवून "दल" स्थापन होत नसतं.
- ग्रामरक्षक दल. नाव जवळपास तेच, काम अगदी वेगळं. हे अवैध दारूविरुद्धचं दल. दारूबंदी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, त्यातून ते आलं. ते ग्रामसभेतून निवडलं जातं आणि त्यात महिलांसाठी जागा राखीव असतात. गस्तीचा अर्ज या दलाच्या नावाने दिलात तर तो टेबलांवरून फिरत राहतो. असे अर्ज फिरताना मी पाहिले आहेत.
- होमगार्ड. वर्दी, प्रशिक्षण आणि भत्ता असलेलं एकमेव स्वयंसेवी दल. १९४६ च्या डिसेंबरात मुंबईत सुरू झालं, कायदा १९४७ चा. वय २० ते ५०, किमान दहावी उत्तीर्ण, आणि ज्या ठाण्याच्या हद्दीत नोंदणी आहे तिथले रहिवासी असणं आवश्यक. कर्तव्यभत्ता दिवसाला ५७० रुपये होता, २०२४ मध्ये तो १,०८३ झाला. पण काम रोज नसतं. बंदोबस्त लागेल तेव्हाच बोलावणं येतं.
- विशेष पोलीस अधिकारी. दंगल किंवा मोठ्या अशांततेची भीती असते तेव्हा महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम २१ प्रमाणे लेखी आदेशाने नेमतात. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, पुण्यात असे स्वयंसेवक नेमले गेले होते. यांना नेमणुकीपुरते पोलिसांचे अधिकार मिळतात आणि पोलिसांच्या जबाबदाऱ्याही अंगावर येतात.

पोलीस पाटील या यादीत नाहीत. ते स्वयंसेवक नव्हेत, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली नेमलेले आहेत. तरीही कोणत्याही दलात जायचं असलं तरी पहिला चहा त्यांच्याच ओट्यावर घ्या. कोणत्या बीटचा अंमलदार कोण आणि तो गावात कोणत्या वारी येतो, हे त्यांना तोंडपाठ असतं.

भरतीचे मार्क आणि विकतचं कार्ड

दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट आहेत, नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे या पट्ट्यात पहाटे पाचला रस्त्यावर धावणारी पोरं कमी नाहीत, आणि पोलीस मित्र व्हायला सर्वांत आधी हात वर करतात तीच. त्यांना स्पष्ट सांगायला हवं. पोलीस मित्र म्हणून केलेल्या कामाचे पोलीस भरतीत गुण नाहीत, आरक्षणही नाही. आरक्षण होमगार्डना आहे, पाच टक्के, आणि तेही किमान तीन वर्षांच्या सेवेनंतर. म्हणजे भरती हेच ध्येय असेल तर होमगार्डच्या नोंदणीची जाहिरात कधी निघते त्यावर डोळा ठेवा.

उलट बाजूही ऐका. गस्तीत कुणाला मारहाण झाली आणि गुन्ह्यात तुमचं नाव आलं, तर चारित्र्य पडताळणीत ते निघतं. वर्षभर मैदानावर गाळलेला घाम त्या एका रात्रीत वाया जाऊ शकतो.

कार्डाचंही तसंच. पाचशे-हजार रुपये घेऊन "पोलीस मित्र", "गुन्हे अन्वेषण", "मानवाधिकार" अशा भारदस्त नावांची कार्डं विकणाऱ्या खासगी संघटना आहेत. त्यांच्या कार्डावर तीन सिंहांची मुद्रा असते, लाल-निळा पट्टा असतो आणि अध्यक्षांची झोकदार सही असते. ठाण्याने दिलेलं ओळखपत्र फुकट असतं. त्यावर ठाण्याचा शिक्का आणि मुदतीची तारीख असते. राजमुद्रा विनापरवाना छापणं हा २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे. आपण पोलीस असल्याचं भासवून काही केलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. मोटारसायकलवर "पोलीस मित्र" लिहिताना "पोलीस" टपोरं आणि "मित्र" बारीक लिहायची जी कला आपल्याकडे विकसित झाली आहे, ती सोडून द्या.

नोंद कशी करायची

१. पाच-सात जणांनी मिळून ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज लिहा. गाव, वाडी, प्रत्येकाचं नाव, वय, मोबाइल, काम काय करणार आणि किती वाजता, हे सगळं त्यात असू द्या. "समाजसेवेची आवड" वगैरे लिहायची गरज नाही.

२. सोबत आधारची प्रत आणि दोन फोटो. कुणावर गुन्हा दाखल असेल तर तो आधीच सांगा. पोलीस तपासतातच, आणि लपवलेलं निघालं तर सगळ्या गटाचा अर्ज मागे पडतो.

३. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा आवक शिक्का आणि तारीख घ्या. ही प्रत हाच तुमचा खरा विमा. ठाणे अंमलदार "ठेवून जा" म्हणाले तरी शिक्का मिळेपर्यंत बाकावर बसा. पाणी प्या, पंखा असतो.

४. ओळखपत्र, जाकीट आणि शिट्टी ठाण्याकडूनच घ्या. मुदत संपली की नूतनीकरण करा.

५. ज्या रात्री किंवा ज्या दिवशी काम असेल त्याची ठाण्याच्या डायरीला नोंद करायला सांगा. "आज रात्री अकरा ते चार, अमुक वस्ती, अमुक सहा जण" एवढा निरोप बीट अंमलदाराला आदल्या संध्याकाळी लेखी पाठवला तरी चालतं. पालखी, यात्रा, विसर्जन अशा बंदोबस्तात आपलं नाव यादीत आहे का, ते गोपनीयच्या अंमलदाराकडे विचारा.

अठराच्या आतल्या मुलांना गस्तीत घेऊ नका. "दांडगा आहे, चालतंय" हे कारण नाही.

रात्रीची गस्त: इथेच सगळ्या चुका होतात

आपल्याकडे गस्तीची गरज आहे, याबद्दल वाद नाही. नदीकाठच्या मोटारी, केबल, डीपीतली तांब्याची तार चोरीला जाते आणि उन्हाळ्यात ऊस उभा वाळतो. पण गस्तीला अंधारात भेटणारा माणूस बहुतेक वेळा चोर नसतो.

आमच्या गस्तीच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. रात्री दीड वाजता स्प्लेंडरवर एक जण आला. चिखलाने भरलेली पँट, कॅरेजला पान्हा आणि वायरचं भेंडोळं, तोंडाला मफलर. नवा होतो, जोशात होतो. चौघांनी गाडी घेरली, एकाने चावीच काढून घेतली. मफलर सोडवत तो म्हणाला, "अरे लाइट आलीय बाबांनो, उसाला दारं धरायला चाललोय. चावी द्या, साडेचारला जातीय ती." शेजारच्या गावात खंडाने रान केलेला शेतकरी होता. आम्ही चावी दिली. तो काही न बोलता गेला, आणि ते न बोलणं जास्त लागलं. नंतर कळलं की वाट अडवणं हा न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे आणि त्या रात्री ठाण्यात गेला असता तर आरोपी आम्ही होतो.

म्हणून पहिलं काम काठी हाती घेण्याचं नव्हे. रात्री आपल्या हद्दीत हक्काने कोण फिरतं, याची वही करा:

- शेतीपंपाची रात्रपाळीची लाइट कोणत्या आठवड्यात कोणत्या वेळेला असते, आणि कोण कोण दारं धरायला जातं.
- ऊसतोडीच्या टोळ्या. दिवाळीच्या मागेपुढे येतात, पहाटे तीन-चारला फडात जातात. मुकादमाचं नाव आणि नंबर लिहून घ्या.
- गुऱ्हाळावरचे परप्रांतीय कामगार. यांची नोंद ठाण्यात करायला गुऱ्हाळमालकाला सांगा, तुम्ही त्यांची कागदपत्रं तपासू नका.
- दूध संकलनाच्या गाड्या, रेल्वे स्टेशनवर उतरून पायी येणारे.

पारधी आणि इतर भटक्या समाजांच्या पालांबद्दल वेगळं लिहायलाच हवं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्यातून पुसला, गावकीच्या डोक्यातून पुसला नाही. चोरी झाली की गस्त आधी पालाकडे वळते. ते करू नका. पालाची झडती घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही, कुणाच्याच घराच्या झडतीचा नाही. शक्य असेल तर पालावरच्या एक-दोघांनाच गस्तीत घ्या.

अफवेचं उदाहरण ताजं आहे. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर दौंड, शिरूर, बारामती भागात रात्री ड्रोन दिसल्याच्या बातम्या फिरल्या आणि गावोगावी लोक काठ्या घेऊन जागले. त्या जागरणात अनोळखी माणूस सापडला असता तर काय झालं असतं? धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारलं. पालघरच्या गडचिंचल्यात १६ एप्रिल २०२० ला चोरांच्या अफवेने जागत असलेल्या गावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांचा जीव घेतला. दोन्हीकडे माणसं गाव राखायलाच बाहेर पडली होती.

पकडता येतं का?

येतं, पण फार थोड्या वेळा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं की तुमच्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडत असेल, किंवा माणूस न्यायालयाने फरारी घोषित केलेला असेल, तर सामान्य नागरिकही त्याला धरू शकतो. धरल्यावर विनाकारण उशीर न करता, आणि काही झालं तरी सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. "संशयित वाटला" ही बाब यात बसत नाही. कुणी असा वाटला तर:

- अंतर राखा, बॅटरी त्याच्या डोळ्यांवर मारू नका, एकानेच बोला.
- नाव-गाव विचारा. सांगितलं नाही तर अडवू नका. गाडीचा नंबर, दिशा, वेळ टिपा आणि ११२ लावा.
- बांधणं, खिसे तपासणं, मोबाइल उघडायला लावणं, फोटो काढून ग्रुपवर टाकणं, यातलं काहीही नाही.
- बाई असेल तर हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. महिला पोलीस येईपर्यंत थांबा.
- मार पडायला सुरुवात झालीच तर मधे पडा किंवा ११२ लावा. नुसतं बघत उभे राहिलात तरी नंतर व्हिडिओत दिसताच.

काठीचंही बघा. सणासुदीला, निवडणुकीत जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असतो. त्या दिवसांत लाठी घेऊन फिरणंच आदेशाचा भंग ठरू शकतं. गस्तीला त्यातून सूट आहे का, ते ठाण्यातून लेखी घ्या. बिबट्यासाठी काठी हवी, असं शिरूरकडचे सांगतील, आणि त्यांचं खोटं नाही. पण बिबट्या दिसला तर फोन वन विभागाला, १९२६. गोंगाट करत उसात शिरायचं नाही.

निरोप कसा द्यायचा

पुणे ग्रामीण हद्दीत ग्राम सुरक्षा यंत्रणा गावोगावी लावलेली आहे. नोंदवलेल्या मोबाइलवरून १८०० २७० ३६०० ला फोन करून बोललं की तोच आवाज गावातल्या सगळ्या नोंदणीकृत फोनवर वाजतो. चोर, आग, बिबट्या, हरवलेलं मूल, पूर, सगळ्याला उपयोगी. यावर बोलताना आधी नाव आणि गाव, मग काय झालं, कुठे, आणि लोकांनी काय करायचं. "पळा पळा, चोर आलेत" एवढंच ओरडलात तर तीन गावं एकाच वेळी बाहेर पडतात आणि एकमेकांनाच चोर समजतात.

व्हॉट्सॲप ग्रुपचा नियम सोपा ठेवा. ॲडमिन दोनच, आणि त्यातला एक शक्यतो बीट अंमलदार. खातरजमा न करता आलेलं काहीही पुढे नाही. १ ऑगस्ट २०२५ ला एका पोस्टवरून यवतमध्ये जो हिंसाचार झाला तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. अशा वेळी गस्तीच्या पोरांपेक्षा शांतता समितीतली ज्येष्ठ मंडळी कामाला येतात, पण ती आधीपासून एकमेकांना ओळखत असतील तरच. भिवंडीत सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना १९८८ पासून मोहल्ला समित्या बसवल्या गेल्या. पुढे १९९२-९३ च्या दंगलीत मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्या दंगलीच्या आदल्या दिवशी नेमलेल्या नव्हत्या.

अत्याचारपीडित महिलेचं किंवा कोणत्याही गुन्ह्यातल्या अल्पवयीन मुलाचं नाव, फोटो, घर ओळखू येईल असं काही ग्रुपवर टाकणं गुन्हा आहे. सहानुभूतीने टाकलं तरी.

"एवढी सही करा" म्हटलं तर

ठाण्यात ओळख झाली की पंच म्हणून बोलावणं येऊ लागतं. पंच होणं नागरिकाचं काम आहे आणि लेखी आदेश असताना सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही. पण दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. जे पाहिलं नाही त्यावर सही नाही. कोऱ्या किंवा अर्ध्या भरलेल्या कागदावर तर नाहीच. झडतीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे, त्यामुळे तुम्ही तिथे होता की नव्हता हे दिसतं. दुसरं म्हणजे वारंवार पंच होऊ नका. दर दुसऱ्या पंचनाम्यावर तोच पोलीस मित्र दिसला की बचावाचा वकील त्याला ठाण्याचा ठरलेला पंच म्हणतो, आणि खरा गुन्हाही कोर्टात लंगडा पडतो. हे अधिकाऱ्यांना नम्रपणे सांगा. समजूतदार अधिकाऱ्याला ते पटतं.

हायवेवरचा अपघात

इथे मनात भीती ठेवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोहोचवून जीव वाचवणाऱ्यासाठी केंद्राचं बक्षीस २०२५ पासून २५,००० रुपये आहे. आधी १०८, मग ११२. आणि सोलापूर रस्त्यावर मदतीला उभं राहताना जाकिटाशिवाय उतरू नका. रात्री उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, तसाच तुम्हालाही नसतो.

गस्त जमत नसेल तर हातभार असा लावा

गुडघे दुखतात, दुकान पहाटे उघडायचं असतं, घरी लहान मूल आहे. हरकत नाही. पैशाने आणि वेळेने मदत करता येते.

- विमा काढून द्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यूवर दोन लाखांचं संरक्षण. वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणजे पालखीच्या आधी मे महिन्यात गटातल्या सगळ्यांचं बँकेत बघून या. दहा जणांचे दोनशे रुपये होतात. याहून स्वस्त मदत मला ठाऊक नाही.
- वस्तू द्या, रोख नको. बॅटऱ्या, जाकिटं, रेनकोट, प्रथमोपचाराची पेटी. कुणा अंमलदाराच्या किंवा गटप्रमुखाच्या हातात पैसे ठेवू नका. ग्रामपंचायतीमार्फत द्या, पावती घ्या. सीसीटीव्ही द्यायचा असेल तर वीजबिल आणि दुरुस्ती कोण करणार ते ठरल्याशिवाय देऊ नका. फिती कापलेले बंद कॅमेरे खांबांवर पुष्कळ आहेत.
- दिवसाची कामं घ्या. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करून आठवड्यातून एकदा चौकशी, ऑनलाइन फसवणूक झालेल्याला लगेच १९३० वर तक्रार करायला मदत, शाळा सुटताना रस्ता ओलांडून देणं. महिलांना ठाण्याच्या दक्षता समितीत काम करता येतं. घरगुती भांडणात समजूत घालायला तिथे अनुभवी बायका लागतातच.

नाही म्हणायचा हक्क

तुम्ही स्वयंसेवक आहात. पेरणी आहे, परीक्षा आहे, अंगात ताप आहे, तर नाही म्हणा. पोलीस अधिकाऱ्याने तुमच्यासमोर पळणाऱ्या आरोपीला धरायला किंवा शांतताभंग थांबवायला वाजवी मदत मागितली, तर ती प्रत्येक नागरिकाला करावी लागते, तिथे नकार नाही. पण साहेबांच्या घरचा गॅस आणणं, खासगी वसुलीला सोबत जाणं, आंदोलकांचे फोटो गुपचूप काढणं, ठाण्यात कुणाला "समज देताना" बाजूला उभं राहणं, यातलं काहीही तुमचं काम नाही.

त्रास झाला तर आधी ठाण्याच्या प्रभारींना लेखी कळवा. तिथे दाद लागली नाही तर दौंडचे उपविभागीय पोलीस अधिकारी, मग पाषाण रस्त्यावरचं पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांचं कार्यालय, आणि त्यापुढे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. प्रत्येक वेळी तीच शिक्क्याची प्रत जोडा.

सोडायचं ठरवलंत तर कार्ड आणि जाकीट परत करून तशी पोच घ्या, डायरीला नोंद करायला सांगा, बीटच्या ग्रुपमधूनही नंबर काढून घ्या. नाहीतर पुढच्या पालखीच्या आदल्या रात्री साडेअकराला फोन तुम्हालाच येईल.